स्टेडियम तयार आहे म्हणजे नक्की काय तयार आहे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमबद्दल थोडंसं लिहिलं होतं, ४८ टीम, १०४ मॅचेस, अमेरिका कॅनडा आणि मेक्सिको मिळून १६ शहरं, एवढंच साधारण. मला वाटलं लोक छप्पर आणि मोठमोठ्या स्क्रीनबद्दल विचारतील, पण सगळ्यात जास्त प्रश्न आले ते गवताबद्दल आणि गर्दीबद्दल, आणि खरं सांगते, खूप बरं वाटलं. मैदानांच्या देखभालीचं काम मी बरीच वर्षं जवळून बघत आलेय आणि माझं मत पक्कं आहे की स्टेडियमचा कस लागतो तो पायाखाली आणि गेटवर. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही, त्यातल्या त्यात हे सात घेतलेत.

प्रश्न: ताई, अमेरिकेतल्या एवढ्या भारी स्टेडियममध्ये आधीच मस्त आर्टिफिशियल टर्फ आहे, हिरवंगार दिसतं, चिखल नाही की काही नाही. मग एका महिन्यासाठी ते उखडून खरं गवत लावायचा हट्ट कशासाठी? हा पैशाचा माज नाही का?

माज नाही हो, उलट मला तर वाटतं या अख्ख्या तयारीतलं हे सगळ्यात प्रामाणिक काम आहे. २०२६ च्या १६ स्टेडियमपैकी ८ मध्ये एरवी आर्टिफिशियल टर्फ असतं, कारण तिथे मुख्य खेळ अमेरिकन फुटबॉलचा, शिवाय वर्षभर कॉन्सर्ट वगैरे चालू असतात, आणि असल्या वापराला प्लॅस्टिक बरं पडतं. पण आपल्या फुटबॉलमध्ये खेळाडू दीड तास पळतो, एका पायावर गर्रकन वळतो, स्लाइड मारतो. प्लॅस्टिकवर बूट अडकला की तो सुटत नाही आणि मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो, स्लाइड मारली की मांडी सोलवटून निघते, आणि उन्हात तो टर्फ असा तापतो की विचारू नका.

२०१५ चा महिलांचा वर्ल्ड कप कॅनडात झाला होता, तेव्हा सहाच्या सहा स्टेडियममध्ये आर्टिफिशियल टर्फ होतं. अ‍ॅबी वॉम्बॅक आणि तिच्यासारख्या मोठमोठ्या खेळाडूंनी २०१४ मध्ये रीतसर तक्रार केली, की पुरुषांच्या वर्ल्ड कपला असं कधी केलं असतं का तुम्ही? शेवटी जानेवारी २०१५ मध्ये तक्रार मागे घ्यावी लागली आणि स्पर्धा प्लॅस्टिकवरच झाली. फायनल झाली होती व्हँकुव्हरच्या बीसी प्लेसमध्ये. आता २०२६ साठी त्याच बीसी प्लेसमध्ये खरं गवत. म्हणजे गवत लावता येत होतं, फक्त तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, आणि ही गोष्ट मला आजही बोचते.

आता नुसतं गवत आणून अंथरलं की झालं असंही नाही. २०२४ च्या कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या मोठ्या स्पर्धेची, पहिली मॅच आठवते का, अर्जेंटिना विरुद्ध कॅनडा, अटलांटाला? आर्टिफिशियल टर्फवर मॅचच्या काही दिवस आधी गवताचे रोल टाकले होते आणि मॅच जिंकूनसुद्धा अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ आणि कोच स्कालोनी दोघांनी मैदानावर जाहीर नाराजी व्यक्त केली. कारण गवत रुजलेलंच नव्हतं. यात नेमकं काय बिघडतं ते सांगते. रुजलेल्या मैदानातून एक नळीसारखा तुकडा कापून काढला ना, की खालपर्यंत पांढरी मुळं लोंबताना दिसतात, वाळू त्यांच्यात धरून ठेवल्यासारखी, आणि वास ताज्या मातीचा येतो. नुकत्या टाकलेल्या लॉनचा तुकडा उचला, मुळं बोटभर खाली येऊन कापल्यासारखी थांबलेली असतात आणि खालची वाळू सरळ गळून पडते. दोन रोलच्या मधल्या फटीत करंगळी घातली की आत जाते. जिथे करंगळी जाते तिथे बुटाचे स्टडही, म्हणजे तळाचे खुंटे, जाणार आणि खेळाडू पडणार, एवढं साधं आहे ते.

म्हणून २०२६ साठी फिफाने, म्हणजे वर्ल्ड कप भरवणाऱ्या जागतिक फुटबॉल संघटनेने, टेनेसी आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांतल्या गवताच्या शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं आधी कामाला लावलं, जॉन सोरोकन आणि ट्रे रॉजर्स ही त्यातली मुख्य माणसं. त्यांनी वापरलेली युक्ती मला फार आवडते. फार्मवर गवत जमिनीत लावण्याऐवजी प्लॅस्टिकच्या शीटवर वाळूचा थर टाकून त्यात वाढवायचं. मुळं खाली जातात, प्लॅस्टिकला अडतात आणि मग आडवी पसरून एकमेकांत गुंफली जातात, चटईसारखी. रोल करताना काहीच कापावं लागत नाही, गवताला आपण हललोय हे कळतही नाही जणू. नंतर थंड ट्रकमधून स्टेडियमवर आणायचं आणि पाण्याचा निचरा करणाऱ्या थरावर अंथरायचं. गरम हवेच्या ठिकाणी बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच ती, आणि थंड किंवा छप्पर असलेल्या ठिकाणी ब्लूग्रास आणि राय या गवतांचं मिश्रण. वरून त्यात प्लॅस्टिकचे बारीक धागे शिवतात, तेवढंच प्लॅस्टिक उरतं, अगदी थोडे टक्के, बाकी सगळं जिवंत गवत.

आणि हो, रुंदीचाही घोळ असतो. फुटबॉलचं मैदान लागतं १०५ बाय ६८ मीटर. अमेरिकन फुटबॉलचं मैदान लांबीला साधारण ११० मीटर भरतं पण रुंदीला जेमतेम ४९ मीटर. म्हणजे लांबीचं जमतं आणि रुंदीला वीसेक मीटर कमी पडतात, त्यात बाजूला बॉल घ्यायला, वॉर्मअपला, कॅमेऱ्याला जागा हवी ती वेगळीच. म्हणून फायनलसाठी ठरलेल्या न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये कोपऱ्यांतल्या १७४० खुर्च्या काढून तिथे हवं तेव्हा हलवता येतील असे भाग बसवायचं ठरलं. तिकिटाचे पैसे देणाऱ्या खुर्च्या काढून कॉर्नर किक मारणाऱ्याला जागा दिली, म्हणून म्हटलं प्रामाणिक काम.

प्रश्न: ताई मी आठवीत आहे. वर छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये ऊन येत नाही मग गवत जिवंत कसं राहतं? सायन्सच्या टीचरना विचारलं तर त्या म्हणाल्या शोधून काढ.

टीचर बरोबर म्हणाल्या, पण तू इतकं छान विचारलंयस म्हणून अर्धं मी सांगते. दोन रस्ते आहेत. एक, गवताला उन्हात घेऊन जायचं. दोन, ऊन आत आणायचं.

पहिला रस्ता जपानने २००२ च्या वर्ल्ड कपला घेतला. सप्पोरो डोम म्हणून बंद स्टेडियम आहे, तिथे बर्फ खूप पडतो. त्यांनी फुटबॉलचं अख्खं मैदानच एका प्रचंड मोठ्या ट्रेमध्ये केलं, वजन ८३०० टन! एरवी ते बाहेर उन्हात पडलेलं असतं. मॅच आली की खालून हवेचा दाब देतात, त्यामुळे वजन हलकं होतं, आणि ते चाकांवरून हळूहळू सरकत आत येतं. विचार कर, इंग्लंड अर्जेंटिना मॅचमध्ये बेकहॅमने जी पेनल्टी मारली ती या बाहेरून चालत आलेल्या मैदानावर. जर्मनीत गेल्झेनकिर्खेनच्या स्टेडियममध्येही असंच बाहेर सरकणारं मैदान आहे.

त्याच्याही आधी १९९४ ला अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सिल्व्हरडोम नावाचं बंद स्टेडियम होतं. तिथे रॉजर्स आणि त्यांच्या टीमने गवत मोठमोठ्या षटकोनी ट्रेमध्ये बाहेर वाढवलं आणि मग ट्रे आत नेऊन मधमाशीच्या पोळ्यासारखे एकमेकांना जोडले. १९९३ मध्ये जर्मनी इंग्लंड मॅच खेळवून आधी टेस्ट घेतली आणि मग वर्ल्ड कपच्या ४ मॅचेस तिथे झाल्या, बंद छताखाली झालेल्या वर्ल्ड कपच्या पहिल्याच मॅचेस त्या. वर सांगितलेले सोरोकन त्या वेळी तिथे विद्यार्थी होते बरं का, म्हणजे तुझ्यासारख्याच एका मुलाने कुणालातरी प्रश्न विचारला असणार.

दुसरा रस्ता दिव्यांचा. मॅच नसताना मैदानावर चाकांवरच्या लांब लांब फ्रेम आणून ठेवतात, त्यांना खास दिवे लावलेले असतात आणि ते गवतावर तासन्‌तास प्रकाश टाकतात. गवताला सूर्य कुठला आणि दिवा कुठला याच्याशी घेणंदेणं नाही, पानाला हवा तो लाल निळा प्रकाश मिळाला की ते अन्न बनवतं. प्रयोग करायचा असेल तर एकाच मापाच्या दोन ट्रेमध्ये गहू पेर, एक खिडकीत ठेव, एक कपाटात, दहा दिवसांनी उपटून मुळं मोज. पानं मोजू नकोस, मुळं मोज.

प्रश्न: वर्ल्ड कपच्या वेळी स्टेडियमची नावं बदलतात म्हणे, हे काय नवीन?

नवीन नाही. फिफाचे स्वतःचे स्पॉन्सर असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं नाव स्टेडियमवर चालत नाही. २००६ ला म्युनिकच्या अलियान्झ अरीनाचंही नाव स्पर्धेपुरतं बदललं होतं. २०२६ ला अटलांटाचं मर्सिडीज बेंझ स्टेडियम नुसतं अटलांटा स्टेडियम, मेटलाइफचं न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम. बोर्ड, जिन्यावरची अक्षरं, खुर्च्यांवरचे लोगो, सगळं शोधून शोधून झाकत बसावं लागतं, वेळखाऊ काम आहे पण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

प्रश्न: आम्ही नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच मोठी मॅच दाखवायला नेणार आहोत. चेंगराचेंगरीच्या बातम्या वाचून बायको घाबरलीय, आणि मनातून मीही. एवढी माणसं आत बाहेर करताना नेमकी काळजी कशी घेतात? खुर्च्या मोजून तिकिटं विकली म्हणजे पुरे ना?

नाही पुरे. आणि तुमची भीती अजिबात फालतू नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

स्टेडियमची क्षमता म्हणजे खुर्च्यांची संख्या असं सगळ्यांना वाटतं. ब्रिटनमध्ये स्टेडियम सुरक्षेचं ग्रीन गाइड म्हणून एक मार्गदर्शक पुस्तक आहे, जगभर त्याचा आधार घेतात, त्यात हिशेब वेगळाच आहे. चार आकडे काढायचे. आत किती माणसं मावतात, ठरावीक वेळात किती आत येऊ शकतात, मॅच संपल्यावर किती बाहेर पडू शकतात, आणि आग वगैरे लागली तर किती सुटू शकतात. या चारातला सगळ्यात लहान आकडा ही त्या स्टेडियमची क्षमता. म्हणजे समजा ६०,००० खुर्च्या आहेत पण बाहेर पडायचे रस्ते ५२,००० लोकांपुरतेच आहेत, तर तिकिटं ५२,००० च विकायची, उरलेल्या ८००० खुर्च्या कितीही नव्या कोऱ्या असू देत.

आत येण्याचा हिशेबही बघा. एका टर्नस्टाइलमधून, म्हणजे ते फिरतं गेट, तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची असं ते गाइड सांगतं. ६०,००० माणसं एका तासात घ्यायची तर नव्वदएक गेट सतत न अडखळता चालायला हवीत. आता त्यात कुणाच्या फोनवर तिकीट उघडत नाही, कुणाची बॅग तपासायची राहिलीय, कुणी चुकीच्या गेटवर आलाय, की लगेच मागे रांग साचते. आणि बाहेर पडताना सगळे जण आठ मिनिटांच्या आत जागेवरून उठून मोकळ्या वाटेला लागले पाहिजेत असा सर्वसाधारण नियम आहे.

हे सगळं शिकायला जगाने फार मोठी किंमत मोजलीय. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी साचली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, लोक समोरच्या बोगद्यातून सरळ कठडे घालून केलेल्या, आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत गेले, बाजूचे कप्पे मोकळे होते पण तिकडे कुणी वळवलंच नाही, आणि पुढे मैदानाच्या बाजूला कुंपण. ९७ जीव गेले. वर कितीतरी वर्षं दोष प्रेक्षकांवरच टाकला गेला, आणि त्यांच्या घरच्यांना सत्य मान्य करून घ्यायला २०१६ उजाडलं. त्या घटनेनंतर इंग्लंडमध्ये वरच्या लीगच्या स्टेडियममध्ये प्रत्येकाला खुर्ची आणि समोरची कुंपणं काढून टाकणं हे आलं.

तरी चुका होतातच. जानेवारी २०२२ मध्ये कॅमेरूनला आफ्रिका कपच्या मॅचच्या वेळी ओलेंबे स्टेडियमबाहेर ८ जण गेले, जे गेट उघडं असायला हवं होतं ते बंद होतं. स्टेडियम नवं होतं, सुंदर होतं, आणि गेट बंद होतं. २०२१ च्या जुलैत लंडनच्या वेम्बलीवर युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, फायनलला तिकीट नसलेले सुमारे २००० लोक घुसले, २०२४ ला मायामीत कोपा अमेरिकाची फायनल गेटवरच्या गोंधळामुळे तासाहून जास्त उशिरा सुरू झाली. म्हणून आता स्टेडियमच्या गेटच्या बरंच अलीकडे एक बाहेरचं कडं करतात, तिकीट तिथेच पहिल्यांदा बघायचं, म्हणजे बिनतिकीट माणूस मुख्य गेटपर्यंत पोचतच नाही आणि तिथे रेटारेटी होत नाही.

तुमच्यासाठी चार गोष्टी, मनापासून. मॅचच्या दोन तास आधी पोचा, शेवटच्या अर्ध्या तासातली गर्दी मुलीसोबत नकोच. आत गेल्यावर आधी जागेपासून सगळ्यात जवळचा बाहेर पडायचा रस्ता तिला दाखवा, आणि आलो ते गेट सोडून दुसरा. तिच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेला कागद ठेवा. संपल्यावर पंधरा मिनिटं बसून राहा, रिकामं होत जाणारं स्टेडियम बघायला पोरांना फार आवडतं. आणि कुठेही छातीला दाब जाणवायला लागला, हात वर उचलणं अवघड व्हायला लागलं, तर पुढे जाऊ नका, तिला उचलून घ्या आणि गर्दीच्या प्रवाहाला तिरपं काढत कडेला सरका. मॅच चुकली तरी चालेल. जाऊन या, बायकोला सांगा घाबरू नकोस पण आपण लक्ष ठेवू.

प्रश्न: प्रत्येक स्पर्धेला तीच रड, स्टेडियम वेळेत होत नाही आणि शेवटी होतंच. मग आरडाओरडा कशाला? आणि कतारच्या २०२२ च्या वर्ल्ड कपच्या वेळी कामगारांवरून एवढं रान उठवलं, खेळात हे कशाला आणायचं? थोडं परखड लिहितोय, राग मानू नका.

राग नाही मानत, पण मीही परखडच लिहिते.

वेळेत न होण्याची परंपरा पहिल्या वर्ल्ड कपपासूनची आहे हे खरं. १९३० ला उरुग्वेने माँटेव्हिडिओत सेंतेनारिओ स्टेडियम बांधायला घेतलं, पावसाने घोळ केला, स्पर्धा १३ जुलैला सुरू झाली आणि स्टेडियममध्ये पहिली मॅच झाली १८ जुलैला. १९५० ला ब्राझीलचं माराकाना अर्धवट अवस्थेतच उघडलं, बांधकाम पूर्ण व्हायला पुढे १९६५ साल लागलं. त्यामुळे शेवटी होतंच असं तुम्ही म्हणता ते वरवर बघता पटण्यासारखं आहे.

पण उशीर झाला की तो भरून कोण काढतं? रात्रपाळी कोण करतं? २७ नोव्हेंबर २०१३, ब्राझीलमध्ये साओ पावलोला २०१४ च्या वर्ल्ड कपच्या पहिल्या मॅचचं स्टेडियम, छपराचा शेवटचा तुकडा चढवताना क्रेन कोसळली आणि दोन कामगार गेले. पुढे मार्च २०१४ मध्ये त्याच स्टेडियममध्ये तात्पुरत्या खुर्च्या बसवताना आणखी एक जण पडून गेला. जूनमध्ये मॅच झाली, म्हणजे झालं ना शेवटी, असं त्यांच्या घरच्यांना आपण म्हणू शकतो का?

कतारचं म्हणाल तर स्टेडियमच्या कामावर अपघाताने ३ आणि इतर कारणांनी ३७ मृत्यू असा आयोजकांचा अधिकृत आकडा होता, आणि मग नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोजन समितीचेच प्रमुख हसन अल थवादी एका मुलाखतीत स्पर्धेशी संबंधित सगळ्या कामांचा मिळून आकडा ४०० ते ५०० च्या मधला असं बोलून गेले. नंतर समितीने खुलासा केला की तो आकडा वेगळ्या संदर्भातला, देशभरातल्या सगळ्या क्षेत्रांतला. आता मला सांगा, खुर्च्या किती, बोल्ट किती, सिमेंट किती हे ज्यांना अचूक माहीत असतं त्यांना माणसं किती गेली हे एका दमात सांगता येऊ नये? रान उठवलं म्हणूनच तिथे २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागण्याचा नियम गेला आणि किमान वेतन ठरलं. ते पुरेसं झालं असं मी म्हणत नाही, पण गप्प बसलो असतो तर तेवढंही झालं नसतं. नेपाळचे, बांगलादेशचे, आपलेही लोक होते त्यात. हे खेळाच्या बाहेरचं नाहीये हो, ज्या पायऱ्यांवर बसून आपण ओरडतो त्या त्यांनी बांधल्यात.

प्रश्न: स्पर्धा संपल्यावर या स्टेडियमचं काय होतं? तात्पुरतं बांधून मोडून टाकणं जास्त शहाणपणाचं नाही का?

बऱ्याच वेळा हो. पांढरे हत्ती सगळीकडे आहेत. पोर्तुगालने २००४ च्या युरोसाठी १० स्टेडियम तयार केली, त्यात अवेइरोचं ३०,००० हून जास्त क्षमतेचं, स्पर्धेच्या मॅचेस तिथे झाल्या फक्त दोन, आणि नंतर गावच्या क्लबला तेवढे प्रेक्षक आणायचे कुठून. ब्राझीलने २०१४ ला आठवर भागत असताना बारा शहरं घेतली, मनाउसला अमेझॉनच्या जंगलात ४०,००० च्या वर क्षमतेचं स्टेडियम, मॅचेस ४. ब्राझिलियाच्या अफाट महागड्या स्टेडियमचं पार्किंग पुढे बसेस उभ्या करायला वापरायची वेळ आली.

मोडण्यासारखं बांधायचं तर उदाहरण कतारचं स्टेडियम ९७४, तेवढेच कंटेनर वापरून उभं केलेलं, सुटं करून नेता येईल असं, सात मॅचेस झाल्या. मला मात्र त्याहून साधा मार्ग आवडतो, जो टोरंटोने धरला. तिथलं स्टेडियम तिथल्या क्लबला पुरेल एवढंच, ३०,००० च्या आतबाहेर, त्याला २०२६ पुरत्या सुमारे १७,००० तात्पुरत्या खुर्च्या जोडायच्या. रशियाने २०१८ ला येकातेरिनबुर्गमध्येही असंच काहीसं केलं, जुनी भिंत जपायची होती म्हणून दोन्ही गोलच्या मागे तात्पुरते स्टँड चक्क स्टेडियमच्या बाहेर काढले, लोक फोटो बघून हसले, पण स्पर्धा संपल्यावर ते काढून टाकता आले. मला विचाराल तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एका महिन्याच्या पाहुण्यांसाठी घराला कायमची खोली वाढवायची नसते, मांडव घालायचा असतो. फक्त तो मांडव भक्कम हवा, वर साओ पावलोचं लिहिलंय ते विसरून चालणार नाही.

प्रश्न: मॅचच्या आधी आणि हाफटाइमला मैदानावर पाणी का मारतात? पाऊस नसला की आपोआप स्प्रिंकलर सुरू होतात.

आपोआप नाही, मुद्दाम. पाणी मारलं की बॉल गवतावरून घसरत वेगाने जातो, पास पटकन पोचतो, कोरड्या गवतावर तो अडतो. त्यामुळे छोटे छोटे पास खेळणाऱ्या टीमला ओलं मैदान हवं असतं आणि बचाव करून वेळ काढणाऱ्या टीमला कोरडं. म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये पाणी कधी आणि किती वेळ मारायचं हे आधीच ठरवून दोन्ही टीमना सांगतात, यजमानाला वाटलं म्हणून नळ सोडला असं चालत नाही. पुढच्या वेळी टीव्हीवर बघाल तेव्हा हाफटाइमला स्प्रिंकलर बंद झाल्या झाल्या हातात बागकामाचा काटा घेऊन पळत येणारी माणसं बघा, उखडलेला एक एक तुकडा ती पायाने दाबून परत बसवतात, आणि त्यांच्याकडे त्यासाठी जेमतेम दहा मिनिटं असतात.